माशांची बारशी

१

यज्ञेश्वर मास्तरांनी आयुष्यात कधी मासा तोंडात घातला नव्हता, पण एका उन्हाळ्यात त्यांनी जर्मनीच्या नद्यांतले मासे एकेक करून इंग्रजीत नेऊन सोडले. त्यातूनच हे सगळं झालं.

मास्तर सोलापुरात हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. पुण्याला कॉलेजात असताना त्यांनी जर्मन भाषा घेतली होती. का घेतली, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "संस्कृतच्या वर्गात बाक मोकळा नव्हता." पुढं ती भाषा ट्रंकेतल्या लग्नाच्या शालूसारखी पडून राहिली. कुणी नेसत नाही आणि टाकवतही नाही, तशी.

मग क्राउझे साहेबाचा निरोप आला. हा जर्मन साहेब तरुणपणी एका गिरणीच्या रंगखात्यात यंत्रं बसवायला आला आणि इथलाच झाला. लढाईत सरकारनं त्याला छावणीत डांबलं, मग देशी धाडलं, तरी गडी परत सोलापुरात हजर. आता म्हातारा झाला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हिप्परग्याच्या वाटेवर एका जुन्या तळ्याजवळ त्याचा बंगला होता, आणि सोबतीला गैबीसाब नावाचा स्वयंपाकी. साहेबाची नात विलायतेत वाढलेली, तिला आजोबाची भाषा येत नव्हती. तिला पाठवायला साहेबानं आपल्याकडच्या माशांचं रंगीत चित्रांचं पुस्तक काढलं होतं, आणि प्रत्येक चित्राखाली त्याला इंग्रजी नाव हवं होतं.

मास्तरांनी लगेच हो म्हटलं. शाळेला सुट्टी लागली होती आणि दुपारच्या वेळी त्यांना घरात बसवत नव्हतं.

२

कामाची एक रीत ठरून गेली. व्हरांड्याला वाळ्याचे पडदे सोडलेले असायचे, गैबीसाब त्यांच्यावर पाणी मारून जायचा, आणि बाहेर सोलापूरचं ऊन तव्यासारखं तापलेलं असताना आत ओल्या मातीचा वास यायचा. साहेब आरामखुर्चीत डोळे मिटून पडायचा. मास्तर चित्र वर्णन करून सांगायचे: "अंगावर काळे पट्टे आहेत, पाठीवर काटे, खालचे पर तांबडे." साहेब शाळेतल्या सोबत्याला हाक मारावी तसं म्हणायचा, "बार्श!" मग मास्तर कोशात बघून मोठ्यानं म्हणायचे, "पर्च." साहेब ते नाव आपल्या तोंडानं एकदा घोळवून घ्यायचा आणि मगच मास्तरांचा टाक दौतीत बुडायचा. तोंडानं घेतल्याशिवाय नाव लागत नाही, असं म्हाताऱ्याचं म्हणणं.

हेख्ट, पाइक. श्लाये, टेंच. क्वापे, बर्बट. एक निघाला नॉइनआउगे, म्हणजे नऊ डोळ्यांचा. डोक्याला ओळीनं भोकं, म्हणून ते नाव. त्याला इंग्रजीत लॅम्प्रे म्हणतात. मास्तरांना काही ते पटेना.

"साहेब, याचे नऊ डोळे कुठं गेले हो?"

"तिकडंच राहिले," साहेब म्हणाला. "समुद्र ओलांडताना माणसाचंही काहीतरी मागं राहतंच की, मास्तर."

हे मास्तरांनी संध्याकाळी घरी सांगितलं. त्यांची बायको शकुंतला तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "अहो, कधी मासा खाल्ला नाहीत आणि बारशी कसली घालताय त्यांची! पाळणा तरी बांधलात का?"

पाळणा हा शब्द तोंडातून गेला आणि ती सुपातले तांदूळ नुसते इकडून तिकडं करत राहिली.

आदल्या वर्षी त्यांना मुलगी झाली होती. बारशाच्या आत गेली. शकुंतलेला माहेर उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण घरीच झालं होतं. एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत. मास्तरांनीच तिला नेऊन तळ्याच्या काठी बाभळीखाली ठेवलं आणि वर एक चपटा दगड टेकवला. नाव ठरलेलं होतं, मास्तरांच्या आईचं. पण आत्यानं कानात सांगितल्याशिवाय नाव मोठ्यानं घ्यायचं नाही ही आपली रीत. त्यामुळं पोर बिननावाचीच गेली. तिला हाक म्हणून कुणी कधी मारलीच नाही.

आता शकुंतलेचे पुन्हा दिवस भरत आले होते. तिचं एकच चाललेलं, "हे तरी राहू दे." तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. "मुलगी झाली तर तेच नाव ठेवू. पहिलीला काही ते लागलं नाही. नवंकोरंच आहे."

मास्तर बरं म्हणाले. ते नाव काय होतं, ते इथं घेत नाही. का, ते पुढं कळेल.

३

साहेबाच्या टेबलावर काचेची एक मोठी बरणी असायची. तळाला चार बोटं चिखल, वर गढूळ पाणी. साहेबाचा एक हात सदा तिच्यावर. पहिल्या दिवसापासून ती तिथंच होती, त्यामुळं मास्तरांनी कधी चौकशी केली नाही. एका दुपारी साहेबच बोलला.

"माझ्या आईच्या खिडकीत अशीच बरणी होती. आत चिखलातला मासा. वादळ यायचं असलं की हा वरखाली करायचा. डबकं आटलं तर चिखलात शिरून पडून राहतो, मरत नाही. आणि हातात धरला तर रडतो. अगदी मूल रडतं तसा."

"यात तो मासा आहे?" मास्तरांनी विचारलं.

"आहे. मला ऐकू येतो."

मास्तर वाकून बघून आले. चिखल आणि पाणी, दुसरं काही नाही. आंधळ्या माणसाचा विरंगुळा असेल, असं म्हणून ते खुर्चीवर बसले आणि पुढचं नाव घेतलं, "एशे, ग्रेलिंग."

बरणीतलं पाणी हललं.

फार नाही. झोपलेल्यानं कूस बदलावी आणि पांघरूण हलावं, तेवढंच. मास्तरांनी आपला टेबलावरचा हात बघितला. लिहिताना धक्का लागला असणार. त्यांनी हात मांडीवर घेतला.

"ग्रुंडलिंग. गजन," ते म्हणाले.

पाणी पुन्हा हललं, आणि या वेळी चिखलाचा एक बारीक धागा वर आला. काचेजवळ येऊन थांबला. जरा वाट बघितल्यासारखा. मग खाली बसला.

४

मास्तर शिकलेले होते, लगेच घाबरून जाणाऱ्यांतले नव्हते. चिखलात कुजकं असतं, त्यातून वाफ सुटते, पाणी हलणारच. त्यांनी दुसऱ्या दिवशी टेबलाच्या पायाखाली कागदाच्या घड्या घातल्या. छताच्या झुलत्या पंख्याची दोरी ओढणं थांबवायला लावलं. मग जरा खोकून बघितलं, तर पाणी स्थिर. "आज ऊन फार आहे" असं मोठ्यानं म्हटलं, तरी स्थिर. शाळेत शिकवलेल्या कवितेच्या दोन ओळी म्हटल्या. साहेब हसायला लागला, पण पाणी ढिम्म.

"श्मेर्ले. लोच," मास्तर म्हणाले.

चिखल उठला, काचेपाशी आला, थांबला. आणि हळूहळू खाली गेला.

म्हणजे नाव घेतलं तरच. आणि तेसुद्धा कुणाला तरी पहिल्यांदा देताना. जुनी, देऊन झालेली नावं त्यांनी पुन्हा म्हणून बघितली, तर काही नाही. मास्तरांना आपली शाळा आठवली. निकालाच्या दिवशी नावं वाचायला लागलं की आपलं येईल म्हणून प्रत्येक नावाला मान वर करणारं एखादं पोर असतं. आणि दुसऱ्याचं निघालं की खाली बघतं.

हा विचार त्यांना आवडला नाही. पण तो गेलाही नाही.

निघताना ते मागच्या दारी गेले. गैबीसाब लसूण सोलत बसला होता.

"गैबीसाब, त्या बरणीत तुम्ही काय घातलंय?"

"क्या घालनेका, मास्तर? चिखल और पानी. साबकू मच्छीका याद आया तो बोले, तळ्यातला चिखल ला, मासा उसमेंच रहता. मी आन्या. मच्छी-बिच्छी कुछ न्हाई उसमें."

"मग ते हलतं कसं?"

गैबीसाबानं लसणाची पाकळी खाली ठेवली. "तुमकू भी दिसता क्या?" तो म्हणाला. "मेरेकू लगा, मैंच बुढ्ढा हो गया."

५

पुस्तक संपत आलं. शेवटचं चित्र त्या चिखलातल्या माशाचंच होतं, श्लामपाइट्स्गर. लांबट, मिशीवाला, अंगावर काळ्या रेघा. इंग्रजीत त्याला वेदरफिश म्हणतात. मास्तरांनी जर्मन नाव घेतलं, इंग्रजी नाव घेतलं आणि मुद्दाम बरणीकडं तोंड करून पुन्हा घेतलं. यानं तरी समाधान होईल, असं वाटलं.

चिखल वर आला. काचेला लागला. बराच वेळ तसाच राहिला आणि मग इतक्या सावकाश खाली गेला, की मास्तरांना आपलंच काही चुकल्यासारखं झालं.

"ते त्याचं नाव नाही," साहेब म्हणाला.

"मग कुणाचं?"

"मला वाटलं होतं माझ्याकडचा आहे. पण हा मला ओळखत नाही. तुम्ही आलात की काचेच्या त्या बाजूला जातो, मास्तर. तुमच्या बाजूला."

मास्तर उठले. मागच्या दारी जाऊन त्यांनी गैबीसाबाला विचारलं, चिखल नक्की कुठून आणला. विचारताना आवाज नेहमीसारखा ठेवायची त्यांनी फार धडपड केली.

"तळा तो पूरा सुख्या है की," गैबीसाब म्हणाला. "जमीन तडकली, कुदळ चालत न्हाई. एक बाभळके नीचेच माती नरम थी. किसीने पहले खोदी होगी. उपर एक चपटा फत्तर था, वो हटाया और..." मास्तरांचं तोंड बघून तो थांबला. "क्या हुआ मास्तर? पानी देऊ?"

६

मास्तर व्हरांड्यात परत आले तेव्हा साहेबाला डुलकी लागली होती. पडद्यावरून पाण्याचे थेंब पडत होते. ऊन वाळ्याच्या काड्यांतून टेबलावर रेघा मारत होतं.

ते बरणीसमोर बसले. त्यांचं शिकलेलं डोकं त्यांना सांगत होतं, की ही माती आहे. मातीत माती मिळाली, संपलं. आणि त्यांना दिसत होतं, की प्रत्येक माशाला नाव मिळताना ही माती उठत होती. अख्ख्या पुस्तकाला नावं मिळाली. पाइकला मिळालं, लॅम्प्रेला मिळालं. नऊ डोळे मागं ठेवून का होईना, मिळालं. मास्तरांनीच दिलं.

त्यांनी बरणीला दोन्ही हात लावले. काच गार होती. सभोवार एवढं ऊन, आणि काच विहिरीच्या तळासारखी गार.

बारशात आत्या करते तसं ते वाकले. पाठीत धपाटे घालायला पोरं नव्हती आणि घुगऱ्या वाटायला बाया नव्हत्या. ते हळूच "कुर्र्र" म्हणाले आणि त्यांनी ते नाव घेतलं. आपल्या आईचं.

चिखल उठला तो एकदम, सगळाच्या सगळा. बरणी काळी झाली. आणि मग आतून काचेला काहीतरी टेकलं. मास्तरांच्या तळव्यासमोर, बरोब्बर त्याच जागी. एवढुसं, तिळाएवढ्या पाच ठिकाणी.

त्यांनी हात काढला नाही. कसा काढणार?

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ते बरणी पोटाशी धरून बाभळीखाली गेले. चिखल जिथला तिथं ठेवला, पाणी ओतलं, दगड पुन्हा टेकवला. मागं न बघता घरी आले आणि अंघोळ केली.

"आज इतका उशीर?" शकुंतला म्हणाली.

"पुस्तक संपलं," मास्तर म्हणाले.

तिला सांगायला हवं होतं, की ते नाव आता कोरं राहिलं नाही. पण पोटुशी बाई. आणि मास्तरांसारख्या मास्तरांनी हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मुलगाच होईल, असं त्यांनी मनाला समजावलं.

७

मुलगी झाली.

चांगली गुटगुटीत, रडकी, केसाळ. त्या साली पावसानं ओढ दिलेली, बारशापर्यंत थेंब नाही. तरी मास्तरांची मोठी बहीण प्रेमलाक्का बार्शीहून आली, शेजारच्या पार्वतम्मा आल्या, गल्लीतल्या बाया आल्या. पाळण्याला फुलं बांधली. नटवलेला वरवंटा पाळण्याखालून गेला, वरून आला, आधी त्यालाच पाळण्यात निजवलं. पाय धुवायला म्हणून पाण्यानं भरलेलं घंगाळ पाळण्याजवळच ठेवलेलं होतं.

"यज्ञू, आईचंच नाव ना?" प्रेमलाक्कानं भावाला विचारलं. "बरं केलंस हो. आई परत आली म्हणायची."

मास्तर दाराला टेकून उभे होते. त्यांनी सकाळपासून शकुंतलेला गाठायचा प्रयत्न केला होता, पण बायांच्या गर्दीत बाप्याला कोण विचारतंय. आता ते म्हणाले, "आक्का, जरा..." पण तोवर बाळ पाळण्यात गेलं होतं. प्रेमलाक्का वाकली होती. पोरं तिच्या पाठीत धपाटे घालायला मुठी वळून तयार.

"कुर्र्र..."

बाळ रडत होतं ते गप्प झालं.

बाया कौतुकानं हसल्या. "बघा, कान टवकारले बयेनं!" पण मास्तर बाळाकडं बघतच नव्हते. ते घंगाळाकडं बघत होते. स्वच्छ, गाळून घेतलेलं पाणी. त्याच्या तळातून चिखलाचा एक धागा वर येत होता. घाईनं नाही. आपलं नाव माहीत असलेलं पोर ज्या खात्रीनं उठतं, तसा. घंगाळाच्या काठाशी आला आणि पितळेवर, आतल्या अंगाला, बारीक ओले ठसे उमटले. आधी एका जागी, मग जरा वर, पाळण्याच्या बाजूला.

शकुंतलेला घंगाळ दिसत नव्हतं. तिला बाळ दिसत होतं. "अहो," ती म्हणाली, "ही श्वास का घेत नाही?"

"थांब आक्का! ते नाव घेऊ नकोस!" मास्तर असे ओरडले, की वर्गातही कधी ओरडले नसतील. "ते दिलंय. देऊन झालंय."

"दिलंय? कुणाला दिलंस?"

मास्तरांनी शकुंतलेकडं बघितलं, नुसतं बघितलं. आणि तिला कळलं. सगळं नाही, पण आईला लागतं तेवढं. तिनं बाळाला पाळण्यातून ओढून छातीशी घेतलं. बाळाचे ओठ निळे पडत चालले होते.

"दुसरं नाव घ्या!" ती किंचाळली. "कुणीतरी, कुठलंही!"

बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. ठरवलेलं नाव सोडून दुसरं कुणाच्या तोंडावर येईना. तेवढ्यात पार्वतम्मा गर्दीतून घुसल्या. त्यांनी बाळाचा कान धरला आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "गुरम्मा! माझ्या आयेचं नाव हाय. चांगली नव्वदीला टेकून गेली. घे बाई, गुरम्मा!"

बाळानं एक मोठा श्वास ओढला आणि असा टाहो फोडला, की पाळण्याची फुलं थरारली.

"ब्राह्मणाच्या घरात गुरम्मा!" प्रेमलाक्का कपाळावर हात मारून म्हणाली.

"मग काय झालं? जीव लागला न्हवं तिला?" पार्वतम्मा म्हणाल्या. "तुमचं नाव ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

मास्तरांनी कुणाला न विचारता घंगाळ उचललं आणि परसात नेलं. पाणी निवळ होतं. पण वजनाला घागरभर जास्त भरलं.

८

क्राउझे साहेब त्याच वर्षी गेला. पुस्तक विलायतेला पोचलं असं नातीनं कळवलं. माशांची नावं फार सुंदर आहेत म्हणाली. गुरम्मा वाढली. शाळेत पोरी नावावरून चिडवायच्या, तर ती उलट त्यांनाच मारून यायची.

शकुंतलेनं मास्तरांना एकदाच विचारलं, बाभळीखाली बसून. मास्तरांनी सगळं सांगितलं. ती चिडली नाही. म्हणाली, "दिलंत ते बरं केलंत. पण हाक मारत जा तिला. नाव ठेवून हाक मारायची नाही, म्हणजे काय?"

म्हणून दर उन्हाळ्यात तळं आटायला लागलं, की मास्तर दुपारचे तिथं जाऊन बसायचे. काठच्या पाण्याकडं बघून ते नाव घ्यायचे. एका वर्षी तापानं अंथरुणाला खिळले आणि जाणं राहिलं, तर घरातला माठ रिकामा करून ठेवला तरी त्याखालची वाळू पाऊस पडेपर्यंत सुकली नाही आणि गुरम्मा खोकत राहिली. त्यानंतर त्यांनी कधी चुकवलं नाही. लेकीशी बोलायला जातो, एवढंच ते मनाशी म्हणायचे. त्यात भ्यायचं काही नव्हतं. आणि भीती गेलीही नव्हती.

गुरम्मा मराठी पहिलीत गेली त्या उन्हाळ्यात ती गुपचूप त्यांच्या मागून आली. मास्तरांना पत्ताच नाही. त्यांनी पाण्यात नाव टाकलं, जरा थांबले. पाणी हललं नाही. पुन्हा घेतलं. तरी नाही.

"बाबा," मागून आवाज आला, "ती इकडं आहे."

मास्तर वळले. गुरम्मा बाभळीच्या सावलीत उभी होती, हातात चिंचा.

"कोण गं?"

"तुम्ही हाक मारली ती." गुरम्मा बोट दाखवत मान वर करून बघत होती, जसं आपल्याहून मोठ्या पोरीकडं बघतात. "माझ्याहून उंच आहे की."

मास्तरांनी तिच्या बोटाच्या रोखानं बघितलं. बोट तळ्याकडं नव्हतं. घरी जायच्या वाटेकडं होतं. आणि त्या तापलेल्या, भेगाळलेल्या, कोरड्या ठणठणीत वाटेवर लहान ओली पावलं उमटलेली होती, घराच्या दिशेनं जाणारी.